कुलूप कोणाचे?

उज्जैन जंक्शनातून बाहेर पडून थोडे चालले की देवास गेट लागते. तिथल्या बसस्थानकाला शहीद राजाभाऊ महाकाल यांचे नाव आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडलेला हा उज्जैनचा माणूस. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास आपले ठाणे ग्वाल्हेरला हलवले तरी उज्जैनची मराठी घरे जागची हलली नाहीत. वाडे उभे राहिले, नोकऱ्या झाल्या, पिढ्या झाल्या. मग मुले पुण्याला, इंदूरला, परदेशी गेली आणि वाड्यांच्या मागच्या खोल्यांना कुलपे लागली. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकालेश्वर मंदिराभोवतीचे 'महाकाल लोक' संकुल खुले झाले, 2028 चा सिंहस्थ जवळ येऊ लागला आणि स्टेशनापासून चालत जाता येईल अशा या कुलूपबंद खोल्यांना एकाएकी भाव आला.

नमुन्यादाखल देवास गेटच्या एका गल्लीत एक वाडा उभा करू. वाडा काल्पनिक आहे. त्यातले भांडण मात्र कुठल्याही दिवाणी न्यायालयाच्या बोर्डावर सापडेल. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीतले, त्यांना तीन मुलगे. थोरले काका तळमजल्यावर राहतात. मधल्या भावाचे बिऱ्हाड पुण्यात, मागच्या दोन खोल्यांची किल्ली त्यांच्याकडे. धाकटे वारले, त्यांची मुले इंदूरला. रस्त्याकडेच्या दुकानात जुना भाडेकरू. वाटणी तोंडी झालेली, कागद कधीच झाला नाही. आणि एका सोमवारी सकाळी काकांचा पुण्याला फोन येतो: "अरे, मागच्या खोल्यांना कुणीतरी दुसरंच कुलूप ठोकलंय." चौकशी केल्यावर कळते की इंदूरच्या पुतण्यांनी आपला तिसरा हिस्सा परस्पर विकला आहे, आणि घेणाऱ्याने दोन खोल्यांपासून सुरुवात केली आहे.

पुण्याचे वारस धावत उज्जैनला येतात, पिशवीतून आजोबांची मोडीतली कागदपत्रे काढतात. वकील ती बाजूला ठेवतो आणि विचारतो, "कुलूप कधी बदललं? आणि आधीचं कुलूप तुमचंच होतं, हे कशावरून?"

हा प्रश्न ऐकून माणसे चिडतात. घर आपले, बापजाद्यांचे, आणि हा कुलपाचे काय विचारतो? पण सगळी मेख तिथेच आहे. मालकी कोणाची, हे ठरायला साक्षीपुरावा लागतो, उलटतपासण्या लागतात, आणि त्यात वर्षे जातात. तोपर्यंत खोल्या कोणाच्या हातात राहणार, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर आधी हवे असते. ते उत्तर म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत या अर्जाला 'निशाणी पाच' म्हणतात, कारण दाव्याच्या कागदांत त्याला वहिवाटीने तो क्रमांक मिळतो. 'निशाणी पाच मंजूर झाली' म्हटले की पक्षकाराला पेढे वाटावेसे वाटतात. मध्य प्रदेशात कामकाज हिंदीत. तिथे दावा हा 'व्यवहार वाद' होतो, हा अर्ज 'आय.ए. नंबर एक' किंवा 'आदेश 39 का आवेदन', आणि लोकांच्या तोंडी दोन्हीकडे एकच शब्द: स्टे.

ही कल्पना इंग्रजांनी आणली असे आपण समजतो, पण तिचे मूळ फार मागे जाते. प्राचीन रोममध्ये प्रेटर हा न्यायाधिकारी जमीन-घराच्या भांडणात आधी एक हुकूम काढत असे, ज्याचा मथितार्थ असा: आज जसा तुमचा ताबा आहे तसाच असू द्या, बळाने तो मोडू नका. आपल्या न्यायालयीन मराठीतला 'जैसे थे' याहून वेगळे काय सांगतो? रोमन लोक त्याला एक शेपूटही जोडत. समोरच्याकडून बळाने, चोरून किंवा त्याच्या मेहेरबानीने मिळवलेल्या ताब्याला त्याच्याविरुद्ध हे संरक्षण नाही. या तीन शब्दांपैकी तिसरा, मेहेरबानी, आपल्या वाड्यात पुढे कामाला येणार आहे.

भारतात हा सगळा कारभार 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 39 खाली चालतो. गंमत अशी की मूळ संहितेत 'प्रतिवादी मला बेदखल करण्याची धमकी देतो आहे' असे स्पष्ट कारणच नव्हते. मालमत्ता नासण्याचा किंवा विकली जाण्याचा धोका असेल तर मनाई, असे नियम होते. मग नियमात न बसणाऱ्या प्रसंगी न्यायालयाने काय करायचे? या प्रश्नाचे गाजलेले उत्तर उज्जैनपासून तासा-दीड तासावरच्या इंदूरमधून निघालेल्या खटल्याने दिले. मनोहरलाल चोप्रा विरुद्ध सेठ हिरालाल. भागीदारीच्या हिशेबाचे भांडण, एक दावा बंगालमधल्या आसनसोलला, दुसरा इंदूरला. इंदूरच्या न्यायालयाने आसनसोलचा दावा पुढे चालवू नये अशी मनाई दिली. 16 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती विशिष्ट मनाई उठवली, पण बहुमताने तत्त्व असे सांगितले की आदेश 39 मध्ये न बसणाऱ्या प्रसंगीही न्यायासाठी गरज असेल तर न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात मनाई देऊ शकते. सेठजी हरले आणि पुढच्या हजारो पक्षकारांना वाट मिळाली. पुढे 1976 च्या दुरुस्तीने बेदखलीच्या धमकीचे कारण थेट नियमातच आले.

आता अर्ज मंजूर कसा होतो? वकील तीन कसोट्या पाठ म्हणून दाखवतात: सकृद्दर्शनी बाजू, भरून न येणारे नुकसान आणि गैरसोयीचा तोल. दलपतकुमार विरुद्ध प्रल्हादसिंग या 1991 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नीट उलगडल्या. त्यातले एक वाक्य पक्षकारांनी फळ्यावर लिहून ठेवावे असे आहे, आणि त्याचा आशय असा की सकृद्दर्शनी बाजू म्हणजे सकृद्दर्शनी मालकी नव्हे. या टप्प्यावर मालकी सिद्ध करायची नसते; चौकशी करावी असा खरा, प्रामाणिक वाद आहे एवढे दाखवायचे असते. मोडीतल्या कागदांना वकिलाने बाजूला ठेवले ते यासाठी. ते पुढे लागतील, आज नाही.

आज लागतात ती कंटाळवाणी कागदपत्रे. नगर निगमच्या संपत्ती कराची पावती कोणाच्या नावे फाटते? विजेचा मीटर कोणाच्या नावावर, आणि गेल्या वर्षभरात युनिट किती पडले? नळाची जोडणी आहे का? गॅसचे कार्ड, मध्य प्रदेशच्या समग्र आयडीवरचा पत्ता, मागच्या दिवाळीत खोलीत काढलेला फोटो ज्यात खिडकीमागचा कडुनिंब दिसतो आहे. शून्य युनिटचे बिल फार बोलके असते. समोरचा वकील तेच उचलून म्हणणार, "साहेब, दहा वर्षांत इथे दिवासुद्धा लागला नाही, ताबा कसला?" त्यावर उत्तर असे की कुलूप लावून किल्ली जवळ ठेवणे हाही ताबाच. पण उत्तर देता येणे वेगळे आणि ते पटवता येणे वेगळे. नामांतरणाच्या नोंदीवर लोक फार विसंबतात. ती महसुलाच्या सोयीची नोंद, तिने मालकी ठरत नाही. ताब्याला मात्र ती हातभार लावते.

दुसरी कसोटी आपल्या वाड्यात सोपी. भिंत पडली की ती पुन्हा उभी करता येईल, आजोबांची भिंत येणार नाही. आणि खोल्यांच्या जागी तीन मजली लॉज उभा राहिला तर पुढे निकाल जिंकूनही हाती काय येणार? तिसऱ्या कसोटीत न्यायाधीश तराजू धरतो. मनाई दिली तर खरेदीदाराचे बांधकाम थांबेल, पैसे अडकतील. नाही दिली तर वारसांचे घर जाईल. बहुतेक वेळा पारडे जुन्या स्थितीकडे झुकते. तराजूत वागणुकीचेही वजन पडते. कुलूप बदलले हे मे महिन्यात कळले आणि दावा दिवाळीनंतर आला, तर 'तातडी' या शब्दावर न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. आणि अर्जात काकांच्या नावाचा जुना करार दडवून ठेवला असेल, तर तो सापडल्याच्या क्षणी उरलेला खरेपणाही वाया जातो.

एकतर्फी मनाई, म्हणजे समोरच्याला न ऐकता दिलेली, ही अपवादाची गोष्ट आहे. नोटीस पाठवेपर्यंत भिंत पडेल असे दिसले तरच ती द्यावी, आणि कारणे लिहून द्यावी, असे नियम 3 सांगतो. त्याच नियमात एक टोचणारी अट आहे. हुकूम मिळाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दावा, अर्ज, शपथपत्र आणि दाखल केलेल्या कागदांच्या प्रती समोरच्याला प्रत्यक्ष द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि तसे केल्याचे शपथपत्र न्यायालयात द्यायचे. स्टे मिळाल्याच्या आनंदात पक्षकार मंदिरात जातो, पोस्टात जात नाही. पुढच्या तारखेला समोरचा वकील उठतो आणि त्या एका पोस्टाच्या पावतीवरून स्टे उठवून घेतो. एकतर्फी हुकूम दिला तर अर्जाचा निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असेही संहितेत लिहिले आहे. लिहिले आहे.

पण आपल्या वाड्यात कुलूप तर बदलून झाले आहे. मनाई ही पुढे होणाऱ्या गोष्टीला. झालेल्या गोष्टीचे काय? इथे मुंबईतल्या एका पारशी कुटुंबाचे भांडण मदतीला येते: दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन, 1990. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा नातेवाइकांनी बाहेरच्यांना विकला होता. संपत्ती हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सांगते की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला तर त्याला हिस्सा मिळतो, घरात घुसून सहताबा मागण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा करावा. सर्वोच्च न्यायालयाने बाहेरच्यांना घराबाहेर काढणारा तात्पुरता आज्ञार्थी हुकूम पुन्हा लागू केला. वाद सुरू होण्याआधीची शेवटची निर्विवाद स्थिती पुन्हा आणता येते, असे ते तत्त्व. मात्र त्यासाठी बाजू साध्या मनाईपेक्षा बरीच भक्कम लागते. देवास गेटच्या खरेदीदाराला वकिलाने हे आधीच सांगितले असते तर त्याने कुलपावर हातोडा मारला नसता. वाटपाचा दावा त्याने केलाच, तर 1893 च्या विभाजन कायद्याच्या कलम 4 खाली घरचा सहहिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत विकत घेऊ शकतो. ही तरतूद फार कमी घरांना ठाऊक असते.

दुसरा रस्ता विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 चा. कायद्याची रीत सोडून कुणी बेदखल केले, तर सहा महिन्यांच्या आत केवळ आधीच्या ताब्यावर दावा करता येतो. मालकी विचारलीच जात नाही, आणि निकालावर अपीलही नाही. सरकारविरुद्ध मात्र हा रस्ता बंद. आणि दंगा पेटण्याइतके प्रकरण तापले, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे (एसडीएम) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 164 आहे, जे जुलै 2024 पर्यंत फौजदारी संहितेचे कलम 145 होते. महाराष्ट्रात शेताच्या ताब्याच्या आणि वाटेच्या भांडणाला 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचाही आडोसा मिळतो; तिथेही मुदत सहा महिन्यांचीच.

आता काकांकडे वळू, कारण सर्वांत अवघड गाठ तीच. समजा, पुण्याच्या वारसांनी खोल्यांची किल्ली काकांच्या मुलाकडे ठेवली होती. "ये-जा असू दे, झाडलोट कर" असे सांगून. चुलतभावाने तिथे संसार मांडला, वीस वर्षे काढली, आणि आता तोच मनाई मागतो: माझा ताबा, मला हटवू नका. इथे राजाभाऊंच्या नावाच्या बसस्थानकावरून मन पुन्हा गोव्याकडे जाते. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध एराझ्मो जॅक दी सिक्वेरा हा गोव्यातल्या बहीण-भावाचा खटला. घर बहिणीचे, राहणारा भाऊ. भावाने कलम 6 खाली ताब्याच्या जोरावर दावा केला. खालच्या न्यायालयात आणि उच्च न्यायालयात तो जिंकलाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले. राखणदार, नोकर किंवा मेहेरबानीने राहणारा नातेवाईक कितीही वर्षे राहिला तरी त्याचा ताबा मालकाच्या वतीनेच असतो, त्यातून स्वतःचा हक्क उगवत नाही. ताबा सांगणाऱ्याने तो कधीपासून, कोणत्या नात्याने, कोणत्या कागदावर, हे तपशिलाने मांडले पाहिजे, नुसते 'मी राहतो' पुरत नाही. रोमन प्रेटरचा तिसरा शब्द दोन हजार वर्षांनी पणजीमार्गे दिल्लीला पोचला म्हणायचा.

भाडेकरूचे गणित याच्या अगदी उलट. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या 1989 च्या खटल्यात विषय होता मुंबईतल्या एका रेस्टॉरंटच्या ताब्याचा. सर्वोच्च न्यायालयाने बजावले की स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपला आहे असे धरले तरी, मालकाने कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढायचे नाही. म्हणजे वाड्याच्या दर्शनी दुकानाला मालकाने रात्री कुलूप घातले, तर सकाळी मनाई भाडेकरूच्या बाजूने येते, मालक खरा असला तरी. मध्य प्रदेशात त्याला काढायचे तर 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमातली कारणे सिद्ध करावी लागतात. पुण्याच्या वारसांना हे अन्यायाचे वाटते. पण चोराने बदललेले कुलूप आणि मालकाने बदललेले कुलूप यांत रात्रीच्या अंधारात फरक कोण करणार? न्यायालय म्हणते, दोघांनीही दिवसा, माझ्यासमोर या.

सरकारी रस्तारुंदीकरणाची नोटीस भिंतीला चिकटली तर मात्र सूर बदलतो. सरकारविरुद्ध दावा करायचा तर दिवाणी संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर न्यायालयाची परवानगी काढून थेट जाता येते. 2018 च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम 41 (एचए) आले: पायाभूत सुविधांच्या प्रकल्पाला अडथळा किंवा उशीर होईल अशी मनाई देता येत नाही. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली, पण सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी यांवरच्या अनधिकृत बांधकामाला ते संरक्षण नाही. तेव्हा ओटा वाड्याचा की रस्त्याचा, हे जुन्या नकाशावरून ठरवण्याची वेळ सिंहस्थाच्या आदल्या वर्षी येऊ नये.

स्टे मिळाला, पुढे काय? 'जैसे थे' ठेवा एवढेच लिहिलेला हुकूम नव्या भांडणाला जन्म देतो. एक म्हणतो 'जैसे' म्हणजे माझे कुलूप, दुसरा म्हणतो माझे. किशोरकुमार खेतान खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की स्थिती काय आहे हे न नोंदवता 'जैसे थे'चा हुकूम देऊ नये. शहाणा वकील म्हणूनच अर्जासोबत कोर्ट कमिशनरची मागणी करतो. कमिशनर येतो, दोन पंचांसमोर कुलपाचा प्रकार, दाराची मोड, मीटरचा आकडा, आतली भांडी, भिंतीवरचा कॅलेंडरचा महिना असे सगळे टिपतो, फोटो काढतो. पुढे दहा वर्षांनी मालकीचा निकाल लागताना हाच पंचनामा फाइलमधला सर्वांत खरा साक्षीदार ठरू शकतो.

हुकूम मोडला तर आदेश 39 चा नियम 2 अ आहे: मालमत्तेची जप्ती आणि दिवाणी तुरुंगात तीन महिन्यांपर्यंत कैद. उलट पुरेशा कारणाशिवाय मनाई घेतली असे ठरले, तर दिवाणी संहितेच्या कलम 95 खाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई. अर्ज फेटाळला किंवा मंजूर झाला, तरी जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत अपील आहे. त्यानंतर उज्जैनकरांना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाची वाट. आणि समोरचा स्टे घेणार अशी कुणकुण आधीच लागली, तर कॅव्हेट दाखल करून ठेवावे. ते नव्वद दिवस टिकते आणि तेवढ्या काळात तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय हुकूम होत नाही. इंदूरच्या पुतण्यांच्या खरेदीदाराने हे केले असते तर आपली गोष्ट आणखी लांबली असती.

दावे वर्षानुवर्षे चालतात तोवर हा तात्पुरता हुकूमच घराचा खरा मालक असतो. मूळ निकालाची वाट पाहता पाहता लोक तडजोडीला येतात, आणि तडजोडीचा भाव ठरतो तो स्टे कोणाकडे आहे त्यावरून. निशाणी पाचवर वकिलांची सगळी ताकद का लागते, याचे कारण एवढेच.

येत्या दिवाळीत देवास गेटला उतरणार असाल, तर मागच्या खोल्यांचे कुलूप स्वतः उघडा आणि दोन रात्री तिथे झोपा. संपत्ती कराची यंदाची पावती आपल्या नावे फाडून घ्या, मीटर बंद असेल तर चालू करा. काका कितीही जवळचे असोत, किल्ली त्यांच्याकडे राखणीला दिली आहे असा चार ओळींचा कागद दोघांच्या सह्यांनी करा आणि त्याची एक प्रत पुण्याला घेऊन या.